सतरावा आला की दिल्ली

गाडीच्या सर्व्हिस सेंटरात काउंटरवर बसणाऱ्या पोरांकडून दोनच वाक्यं पाठ करून घेतात, असा आमचा जुना संशय आहे. पहिलं, 'सर, अशी कम्प्लेंट आमच्याकडे आजवर आलेली नाही.' दुसरं, 'सर, या मॉडेलच्या सगळ्याच गाड्या असं करतात.' पहिलं वॉरंटी असेपर्यंत वापरायचं, दुसरं वॉरंटी संपत आली की. पोरगा नवखा असला तर एकाच दमात दोन्ही म्हणून मोकळा होतो, आणि गिऱ्हाईकही मान डोलावून मशीनचा गोडमिट्ट चहा पीत बसतं.

वास्तविक दुसरं वाक्य कानावर पडल्याबरोबर ते त्याच्याच जॉब कार्डावर लिहून घ्यायला हवं, सही-शिक्क्यासकट. 'सगळ्याच गाड्या असं करतात' या एका वाक्यावर अमेरिकेत वकिलांनी बंगले बांधले. आपण त्याच वाक्याने समाधान पावतो. आपल्या एकट्याचंच नशीब फुटकं नाही, शेजाऱ्याचंही फुटलेलं आहे, एवढं कळलं की मराठी माणसाला शांत झोप लागते.

हेदवीत याचा अभ्यास करायला लांब जावं लागत नाही. दशभुज गणपतीच्या देवळाकडे चढणारा रस्ता लांबीने किरकोळ, पण चढ असा की गाडीची खरी जात तिथे कळते. अंगारकीला, मे महिन्यात, गणपतीत मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. देवाला दहा हात. भक्ताला दोनच, आणि त्यातला डावा ऑटोमॅटिक गाडीने रिकामा केलेला. डावा पायही रजेवर. अशीच एक गाडी गर्दीत चढाच्या मध्यावर अडली. पुढे टेम्पो ट्रॅव्हलरवाला गाडी मागेपुढे करत होता, त्यामुळे ही इंचाइंचाने सरकत होती, आणि सरकताना हिवतापाच्या रोग्यासारखी हुडहुडत होती. बॉनेटखालून जळका वास. समोरच्या पडद्यावर इंग्रजीत सूचना, की ट्रान्समिशन तापलं आहे, गाडी सुरक्षित जागी थांबवा. भर चढावर सुरक्षित जागा कुठली, हे पडद्यावर लिहिलेलं नव्हतं. मागे बसलेल्या काकू दूर्वांची जुडी आणि नारळाची पिशवी सावरत उतरल्या आणि सरळ पायी निघाल्या. देवावरचा त्यांचा विश्वास गाडीवरच्या विश्वासापेक्षा जुना. फुलवाल्याचा पोरगा जांभ्याचा चिरा घेऊन धावत आला, मागच्या चाकाला लावला आणि हात झटकत म्हणाला, "आज ह्या मॉडेलची तिसरी."

कायद्याला जे 'समान हितसंबंध' म्हणून सिद्ध करून लागतं, ते पोराने त्या क्षणी सिद्ध केलं होतं. मालकाने त्याला वीस रुपये दिले आणि काच वर केली.

ही हुडहुडी येते कुठून? काही ऑटोमॅटिक गाड्यांत दोन क्लच असतात. एकावर १, ३, ५ हे गिअर, दुसऱ्यावर २, ४, ६. एक सुटतो तोवर दुसरा धरतो, त्यामुळे गिअर बदलल्याचं कळतही नाही. हे क्लच तेलात ठेवले तर गार राहतात. पण तेल फिरवायला पंप लागतो, पंप इंजिनाची ताकद खातो, आणि जाहिरातीतला मायलेजचा आकडा खाली येतो. म्हणून मग काढले कोरडे क्लच. मोकळ्या रस्त्यावर ते छान चालतात. कुंभार्ली घाटात ट्रकच्या मागे, किंवा गणपतीच्या आदल्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावर, जिथे माणूस चालत पुढे जातो आणि गाडी मागे राहते, तिथे क्लच धड धरत नाही, धड सोडत नाही, नुसता घासत राहतो. त्यातून सील गळून तेल कोरड्या क्लचवर आलं तर बघायलाच नको. पगारी ड्रायव्हर चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरतो तेव्हा मालक त्याच्या सात पिढ्या काढतो. तेच काम गाडीतला संगणक करतो तेव्हा त्याला तंत्रज्ञान म्हणतात आणि लाखभर जादा मोजतात.

फोर्डने हा दोन कोरड्या क्लचांचा गिअरबॉक्स 'पॉवरशिफ्ट' नावाने विकला. अमेरिकेत २०११ ते २०१६ ची फिएस्टा आणि २०१२ ते २०१६ ची फोकस अशा गाड्यांत तो होता. गाड्या थरथरल्या, सिग्नलवरून उठताना हिसके देऊ लागल्या, आणि २०१२ मध्ये कॅलिफोर्नियात काही मालकांनी दावा ठोकला, स्वतःसाठी आणि आपल्यासारख्या बाकी सगळ्यांसाठी. २०१७ मध्ये तडजोड झाली तेव्हा तिच्यात १९ लाखांच्या घरातल्या गाड्या बसल्या. तिकडची मौज अशी की आपण दाव्यात आहोत हे माणसाला माहीतही नसतं. एक दिवस टपालात पत्र येतं. नको असेल तर 'मला वगळा' म्हणून कळवायचं, गप्प राहिलात तर तुम्ही सामील. गप्प राहून हक्क राखण्याची ही सोय मराठी स्वभावाला किती मानवली असती!

तडजोडीचा तक्ता मात्र मुळातून वाचावा असा आहे. गिअरबॉक्सचे भाग बदलायला तीन किंवा जास्त वेळा गेलात तर २०० डॉलरपासून सुरुवात, फेऱ्या वाढतील तसा भाव चढत २,३२५ पर्यंत. नुसतं सॉफ्टवेअर बदलून घरी पाठवलं असेल तर फेरीला ५० डॉलर, कमाल ६००. पावत्या दाखवायच्या, पैसे न्यायचे. आणि रोख नको असेल तर दुप्पट रकमेचं कुपन, फोर्डचीच नवी गाडी घेताना वापरायला. ज्याला गाडीने सहा वेळा दगा दिला त्याने सातव्यांदा त्याच दुकानात जावं म्हणून दुप्पट बक्षीस. मालकांच्या वकिलांची फी ८८ लाख डॉलरच्या आसपास झाली. त्यांना कुपन घ्या असं कोणी म्हटलं नाही. अपील न्यायालयाने २०१९ मध्ये हा करार 'नीट तपासून आणा' म्हणून परत धाडला, आणि किमान ३ कोटी डॉलर देण्याची हमी त्यात आल्यावर २०२० मध्ये तो पुन्हा मंजूर झाला. म्हणजे अमेरिकेतही काही सोन्याच्या विटा वाटत नाहीत. पण ३ कोटी डॉलर भागिले १९ लाख गाड्या असा हिशेब निदान मांडता येतो. आपल्याकडे खाली फक्त गाड्या असतात, वर शून्य.

ऑस्ट्रेलियात याच गिअरबॉक्सवरून सरकारी ग्राहक आयोगाने फोर्डला कोर्टात खेचलं आणि २०१८ मध्ये १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. तिथल्या काउंटरवर तिसरं वाक्य होतं. थरथर गाडीची नाही, तुमच्या चालवण्याच्या पद्धतीची आहे, असं गिऱ्हाइकांना सांगितलं गेलं होतं. हे वाक्य अजून आपल्याकडे कमी ऐकू येतं, कारण मराठी पुरुषाला तुला गाडी चालवता येत नाही असं तोंडावर सांगण्याची छाती कुठल्याही सर्व्हिस ॲडव्हायझरमध्ये नाही. मॅडम एकट्या गेल्या की ऐकतात.

चीनची तऱ्हा तिसरीच. फोक्सवॅगनच्या अशाच दोन क्लचांच्या गिअरबॉक्सबद्दल १५ मार्च २०१३ ला, जागतिक ग्राहक दिनी, तिथल्या सरकारी टीव्हीने कार्यक्रम दाखवला आणि कंपनीने लागलीच ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलावल्या. ना वकील, ना तारीख. आपलाही राष्ट्रीय ग्राहक दिन आहे, २४ डिसेंबर. त्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी प्रतिमापूजन, गुलाबपुष्प, दोन भाषणं आणि शाळकरी मुलांची घोषवाक्य स्पर्धा होते. घोषवाक्यं बरी असतात.

पॉवरशिफ्ट आपल्याकडेही आला, २०१३ मध्ये इकोस्पोर्टच्या पेट्रोल ऑटोमॅटिकमध्ये. इथल्या मालकांना ५० डॉलरचं पत्र आल्याचं आमच्या तरी ऐकिवात नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये बातमी आली ती कंपनी भारतातले कारखाने बंद करते आहे ही.

आता कोणी म्हणेल की आपल्याकडे कायदाच नसेल. तसं म्हणणारा आपल्या देशाला ओळखत नाही. आपल्याकडे कायदा नसलेली गोष्ट दाखवा आणि हापूसची पेटी घेऊन जा. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कलम १२(१)(क) होतं. एका किंवा अनेक ग्राहकांनी समान हितसंबंध असलेल्या सगळ्यांच्या वतीने तक्रार करावी, आयोगाची परवानगी घेऊन. २०१९ च्या नव्या कायद्यात तेच कलम ३५(१)(क) म्हणून बसलं, आणि जुलै २०२० पासून तो कायदा लागू आहे. शिवाय सदोष मालाच्या जबाबदारीचं एक अख्खं प्रकरण नव्याने घातलं. कलमं वाचून डोळे भरून येतात. मग पुढचं गणित येतं.

गाडी १२ लाखांची धरा. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाख, राज्य आयोगाची २ कोटी, त्यावर राष्ट्रीय. राष्ट्रीय आयोगाने २०१६ मध्ये ठरवून दिलं आहे की अशा सामूहिक तक्रारीत सगळ्यांची रक्कम एकत्र धरायची. तेव्हा हेदवीचा माणूस एकटा गेला तर रत्नागिरी, फी ४०० रुपये, तवसाळहून फेरीने जयगड गाठलं की पुढे रस्ता सरळ. चौघे मिळून गेले तरी ४८ लाख, रत्नागिरीच. पाचवा आला की मुंबई. सतरावा आला की दिल्ली. एकीचं बळ मिळतं काय ते असं, किलोमीटरमध्ये. सुनावणी आता व्हिडिओवरही होऊ शकते म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. फक्त तारखेच्या दिवशी सतरा जणांनी रेंजच्या शोधात सड्यावर जाऊन बसायचं.

बाकी अडथळे छोटे आहेत. सगळ्यांच्या वतीने तक्रार म्हणजे सगळ्यांना कळवायला हवं, तेव्हा वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, आणि तिचा खर्च तक्रारदाराचा. दोष कारखान्यातलाच आहे हे सांगायला तज्ज्ञ हवा, त्याचा खर्च तुमचा. आणि वकील? अमेरिकन वकील आपल्या खिशातून दहा वर्षं दावा चालवतो, कारण जिंकला तर त्याला वाटा मिळतो. आपल्या बार कौन्सिलच्या नियमांत निकालावर ठरणारी फी आणि वसुलीतला वाटा, दोन्हीला मनाई आहे. नियमामागचा हेतू उदात्त आहे. परिणाम असा की हजार थरथरत्या गाड्या बघून ज्याचे डोळे लकाकावेत असा एकही वकील या देशात तयार होत नाही. सरकारने एकदा स्वतः पुढाकार घेतला होता, २०१५ मध्ये मॅगीच्या बाबतीत. देशभरच्या ग्राहकांच्या वतीने नेस्लेकडे सुमारे ६४० कोटी मागितले. एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रीय आयोगाने तक्रार फेटाळली. दोन मिनिटांवरचा विनोद इथे कोणालाही सुचेल, म्हणून आम्ही तो करत नाही.

यावर उपाय म्हणून कोकणी माणसाला एकजुटीचे पाठ द्यायला मात्र कोणी येऊ नये. सगळ्यांच्या वतीने एकाने भांडायचं हा प्रकार आमच्याकडे दिवाणी संहितेइतका जुना आहे. १९०८ च्या संहितेतली ऑर्डर एक, नियम आठ गावोगावच्या म्हाताऱ्यांना पाठ असते. पालखी कुठल्या वाडीतून आधी जायची, पहिला मान कोणाचा, विहिरीवर पाणी कोणी भरायचं, पाणंद कोणाच्या वहिवाटीची, यावर अख्ख्या वाडीच्या वतीने दावे लागले आहेत आणि आजोबांनी लावलेल्या दाव्यात नातवाने हजेऱ्या लावल्या आहेत. वर्गणी निघते, मुंबई मंडळ पैसे पाठवतं, वकील बदलतो, दावा बदलत नाही. हातभर बांधासाठी तीस वर्षं उच्च न्यायालयापर्यंत जाणारा हा माणूस १२ लाखांच्या गाडीसाठी टोल-फ्री नंबरवर 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' ऐकत कसा बसतो, हे कोडं आहे. आमचा तर्क असा की बांधापलीकडे भाऊबंद असतो, त्याच्याशी भांडण्यात रस असतो. कंपनीला आडनाव नाही.

एरवी आमच्या गुहागर तालुक्याने अमेरिकन सामूहिक दाव्याचं सगळ्यात मोठं नाव फार जवळून पाहिलं आहे. वीजप्रकल्प अंजनवेल-वेलदूरला, तालुक्याच्या उत्तर टोकाला, कंपनी एन्रॉन. १९९७ मध्ये वेलदूरच्या कोळणींनी विरोध केला आणि पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, मे २००१ मध्ये राज्य वीज मंडळाने ती महाग वीज घेणं थांबवलं, आणि डिसेंबरात एन्रॉनने तिकडे दिवाळं काढलं. मग अमेरिकेतल्या भागधारकांनी सामूहिक दावा चालवून बँका आणि इतरांकडून ७२० कोटी डॉलर वसूल केले. ज्यांनी कागद घेतला होता त्यांना ७२० कोटी डॉलर, ज्यांनी लाठ्या खाल्ल्या त्यांच्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता. पावती नव्हती ना त्यांच्याकडे.

बरं, एकट्याने भांडलं तर? क्लचच्याच तक्रारीचं एक प्रकरण २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. वॉरंटीत भाग बदलून देऊ म्हटलं आहे, तेव्हा भाग बदलून मिळेल, गाडी नाही, असं न्यायालयाने सांगितलं. गोव्यातल्या एका ग्राहकाला २०११ मध्ये नवी म्हणून मिळालेली गाडी २००९ च्या बनावटीची, वर चाललेली निघाली. तो जिंकत जिंकत वर गेला, आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादक कंपनीला मोकळं केलं. डीलर हा कंपनीचा नोकर नव्हे, दोघांचा आपसातला व्यवहार मालक-मालक असा आहे, तेव्हा डीलरने काय विकलं ते डीलर जाणे. कायद्याच्या दृष्टीने निकाल बिनचूक असेल. पण पाटी कंपनीची, गणवेश कंपनीचा, चहाच्या कपावर शिक्का कंपनीचा, आणि भांडायची वेळ आली की दुकान परक्याचं, हे आमच्या वाण्याने केलं असतं तर गावाने त्याच्याकडचं मीठ बंद केलं असतं.

राहिला रिकॉल. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आलं आणि एप्रिल २०२१ पासून सरकारला कंपनीला गाड्या परत बोलवायला लावता येतं. पुरेशा टक्केवारीने मालकांनी तक्रार करायला हवी, गाडी सात वर्षांच्या आतली हवी, दंड १० लाख ते १ कोटी. एक कोटी म्हणजे मघाच्या हिशेबाने साडेआठ गाड्या सुद्धा नाहीत. आणि मुख्य अट म्हणजे दोष पर्यावरणाला किंवा माणसांना अपाय करणारा हवा. चढावर थरथरून बंद पडणारी गाडी यात बसते का, हे ती मागे घसरून खाली कोण होतं यावर ठरणार. चिरा वेळेवर लावणारा पोरगा, कायद्याच्या नजरेतून पाहिलं तर, पुरावा नष्ट करतो.

म्हणून मग आपली अशी एक देशी तडजोड निघाली आहे. मॉडेलच्या नावाने व्हॉट्सॲप ग्रुप असतो. त्यात शेकडो मालक असतात, रोज सकाळी सुविचार असतो, आणि अधूनमधून एखादा नवखा विचारतो की आपण सगळे मिळून काही करू या का. त्यावर चार जण हात जोडल्याचं चित्र टाकतात, दोघे वकिलाचा नंबर मागतात, आणि एक अनुभवी सभासद खाजगीत मेसेज करतो, "कशाला डोकं लावताय, वॉरंटी संपायच्या आत काढून टाका." नवखा हुशार असतो. एक्स्चेंजला भाव येत नाही म्हटल्यावर त्याला गावचा चुलतभाऊ आठवतो. गणपतीत विसर्जन झालं की पडवीत सुपारी कातरता कातरता विषय निघतो. एकहाती वापर, सगळी सर्व्हिसिंग कंपनीत, भावाला म्हणून लाखभर कमी. चुलतभाऊ चावी घेतो, हेदवी ते गुहागर एक चक्कर मारून येतो, उतरून चाकं बघतो, बॉनेटवर हात ठेवतो.

"चढावर जरा अंग काढते रे."

"गावाला कुठे एवढी ट्रॅफिक असते? आणि देवळात तू चालतच जातोस."

व्यवहार साडेपाच लाखांना ठरतो. गाडी नावावर करून घेण्याचा खर्च कोणी करायचा, यावर दोघांचं अजून वाजतं आहे, आणि चुलतभावाने वकिलाचं नाव काढलं आहे.